कुंदाने आईला गच्चीवर नेलं

कुंदा पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. ‘बड्या कंपन्यांच्या विळख्यातून स्वयंपाकघर मुक्त करा!’ मजकूर माझा, सायक्लोस्टाइलही मीच केलेलं. मुलुंडच्या आमच्या इमारतीत ती नुकतीच राहायला आली होती. तिने पत्रक घेतलं आणि सरळ उलटं केलं. “मागची बाजू कोरी. झकास!” उभ्या उभ्या त्याची पुडी वळली, पर्समधून लाल माठाचं बी काढून तिच्यात ओतलं आणि पुडी माझ्यामागे उभ्या असलेल्या आईला दिली. “काकी, तेलाचा रिकामा डबा असेल ना? त्यात पेरा.”

आई हसली. मी बघतच राहिले. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून आई हसली नव्हती. बोलायचीसुद्धा कामापुरतं. तिला त्यातून बाहेर काढायला मी काय नाही केलं? मोर्च्याला नेलं, सभांना नेलं, पत्रकं मोठ्याने वाचून दाखवली. ती पदर सावरून ऐकायची आणि घरी येऊन मुकाट्याने भांडी घासायला बसायची. आणि ही बया आली, मूठभर बी दिलं, की झालं!

कुंदा मूळची कुडाळकडची. औषधांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला. आवाज मोठा, स्वभाव हुकूम सोडण्याचा. कोणाचे आभार मानले तर जीभ झडेल अशी. ती उर्मट होती हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या इमारतीत दुसरं कोणी ते लिहिणार नाही. दर रविवारी सकाळी ती गच्चीवर बायकांना गोळा करायची. डब्यांत भाजी, फुटक्या पिंपात खत, जुन्या साड्यांच्या पिशव्या. कोणी म्हणालं, “अगं, पिंपाला वास येईल,” तर म्हणायची, “आला तर मला हाक मारा, आंघोळ घालीन त्याला.” आणि माझ्यासारखीने कोणी मुद्दा काढला की तिचं ठरलेलं वाक्य, खास मालवणीत: “आदी हात घाल गो, मगे तोंड उघड.”

एकदा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, “कुंदा, तू यांना कोबीची पानं कुजवायला शिकवतेस. पण ही वेळ आपल्यावर आणली कोणी, ते कधी सांगणार?”

“तू सांग ना,” ती पिंप ढवळत म्हणाली. “खत व्हायला दोनेक महिने लागतात. तेवढ्यात तुझं भाषण आरामात संपेल.”

बायका खो खो हसल्या. त्यात आईही होती. त्यानंतर मी गच्चीची पायरी चढले नाही.

पण गच्ची घरात उतरली त्याचं काय? “कुंदा म्हणते, साली फेकायच्या नाहीत.” “कुंदा म्हणते, भांड्यांना राखच बरी.”

“आई, तू जन्मभर राखेनेच घासलीस की!”

“हो गं. पण आता कुंदापण म्हणते ना.”

मग साबण आला. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. आईने केलेली पहिली वडी चुन्यासारखी पांढरी होती आणि ती तिने बाबांच्या नाकाखाली धरली तेव्हा बाबाही हसले. मला वाटलं, हे तर माझं पत्रकच आहे! मी लिहिलेलंच ही करून दाखवतेय आणि नाव मात्र हिचं.

तेव्हा मी आमच्या मंडळाच्या खोलीत साबणाचं प्रात्यक्षिक जाहीर केलं. गच्चीवर जायचं नव्हतं, म्हणून कृती आईच्या बोलण्यातून ऐकून जुळवली. आईला पहिल्या रांगेत बसवलं. ती कुंदाला घेऊन आली, त्याला माझा इलाज नव्हता. आधी मी स्वावलंबनाचं राजकारण सांगितलं, मग आईच्याच जर्मनच्या पातेल्यात पाणी घेऊन कॉस्टिक सोडा सोडला. पातेलं सूं सूं करायला लागलं. काळा फेस उसळला, वाफेने डोळे झोंबले.

“मागे व्हा सगळ्या! खिडक्या उघडा!” कुंदाच ओरडली. दोन फडकी धरून तिने पातेलं बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. सगळ्या धडधाकट आहेत याची खात्री केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बघून घ्या. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला, म्हणजे या जर्मनच्या भांड्याला, खातं. स्टील घ्यायचं नाहीतर मातीचं. मी दहादा सांगितलं असतं तरी लक्षात राहिलं नसतं. शैलाने एकदाच दाखवलं.”

हास्याचा स्फोट झाला. आई तर डोळे पुसत हसत होती. मी आईला इतकं हसवलं ते आयुष्यात एकदाच, आणि त्याचंही श्रेय कुंदाने नेलं. माझी फजितीसुद्धा तिचा धडा झाली!

पुढच्या वर्षी कुंदा नोकरी सोडून कुडाळला निघाली, स्वतःच्या जमिनीवर राहायला. शेवटच्या रविवारी मी गच्चीवर गेले. खरं सांगते, निरोप द्यायला नाही. वर्ग आता कोण घेणार, हा प्रश्न निघणार होता आणि बोलायची सवय असलेली तिथे मी एकटीच होते. प्रश्न निघाला. मी घसा खाकरला.

“काकी, उठा,” कुंदा म्हणाली.

आई उठली. पदर सावरला. क्षणभर वाटलं, खाली बसेल. “बायांनो,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मला वाटलं, आपले हातच गेले. गेले नव्हते. पुढच्या रविवारी डबे घेऊन या.”

एवढंच. पण कठड्याशी उभ्या असलेल्या बाईपर्यंत खणखणीत ऐकू गेलं. बायकांनी बोलतं व्हावं म्हणून मी किती पत्रकं काढली होती! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले नाहीत. मी कुंदाकडे बघत होते. ती कोणाकडेच बघत नव्हती, नाक ओढत पिंपाचं झाकण उगाच घट्ट करत होती.

आता दुसऱ्या इमारतींतल्या बायकाही आईकडे येतात. मी कुठे सभेला गेले की कोणीतरी विचारतं, “गच्चीवर शिकवतात त्या वत्सलाबाईंची मुलगी ना तू?” मी ताठ मानेने हो म्हणते. कुंदाला हाच प्रश्न कोणी केला असता तर तीही बेधडक हो म्हणाली असती. आणि आईने तिला खोटं पाडलं नसतं.