कौल आणि दगडीपाला

देवावर माझा विश्वास आहे, पण तो एका चौकस बाईचा विश्वास आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आरती म्हणतानाही कापूर मागे काहीच न ठेवता कसा जळतो, हा विचार मनात येतोच. आमचे हे मला चिडवतात, "तुझ्यासमोर देव उभा राहिला तरी तू त्याला आधी काचपट्टीवर घेशील." अशा बाईला आलेला हा अनुभव आहे. मला जेवढं कळलं तेवढं सांगते, आणि जे कळलं नाही तेही सांगते.

ह्यांना जुना मधुमेह. पायांची संवेदना हळूहळू गेली होती, त्यामुळे उजव्या अंगठ्याखाली जखम झाली ती कशाने, हे त्यांनाही सांगता येईना. पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. तिथे जाणं बंद झालं, तरी मऊ चपला घालून अंगणात ये-जा असायचीच. रत्नागिरीतल्या डॉक्टरांचं ड्रेसिंग चालू होतं, साखर आटोक्यात आली होती, पण जखम भरत आलीशी वाटायची आणि पुन्हा उघडायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेपर्यंत फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय धोक्यात येईल. हे हसून म्हणाले, "अंगठा उठवायला हाताचा आहे की!" मला मात्र हसू आलं नाही. घरी येऊन न्हाणीत नळ सोडला आणि पोटभर रडले.

आमच्याकडे एखाद्याची जखम भरत नाही हे कळलं की सगळी वाडी औषध घेऊन येते. कुणी कोरफड आणली, कुणी घायमारीची पानं, कुणी हळद घालून कढवलेलं खोबरेल. शेजारच्या काकी बांधावरचा दगडीपाला मूठभर घेऊन आल्या. "रस पिळा वरती, बघा खपली धरतंय की नाय," म्हणाल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जखमेला काही लावायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण तो पाला फेकून देणंही माझ्याच्याने होईना. ह्यात खरंच काही आहे का, हे कुणी तपासायचं? माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरात लॅब चालवते. ह्यांच्या जखमेतले जंतू तिने बशीत वाढवले. मी स्वयंपाकघरात एकेक पाला वाटून, गाळून, बाटल्या भरून तिच्याकडे नेल्या. रसात बुडवलेले कागदाचे तुकडे तिने त्या बशीत ठेवले. निकाल बघायला मी स्वतः गेले. खोबरेलाभोवती काही नव्हतं, कोरफडीभोवती काही नव्हतं, आणि दगडीपाल्याच्या तुकड्याभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं! मी तिथेच टाळी वाजवली. ती हळूच म्हणाली, "बाई, ही बशी आहे, काकांचा पाय नाही."

डॉक्टरही तेच म्हणाले. बशीत जंतू मरतात म्हणून उघड्या जखमेवर बांधावरचा पाला लावायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि ते कडं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. लावला आणि बिघडलं तर? नाही लावला आणि अंगठा गेला तर? जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले, पण ह्या प्रश्नापुढे माझं डोकं चालेनासं झालं. तेव्हा मी ह्यांना रिक्षात घालून ग्रामदेवीला कौल लावायला गेले.

कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ह्यांनी दारात चपला काढल्या, दर्शन घेतलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझी लेकरा दारात आलीत. पाला लावायचा की नाय, ता सांग." मी हात जोडून पाकळ्यांकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर उजवीवर माझा जीव होता. पण उजवी पडेना, आणि डावीही पडेना. बराच वेळ गेला. गुरवकाका मान हलवून म्हणाले, "बाय, आई बोलत नाय. काय तरी इचारायचा ऱ्हायलाय." मला थोडा रागच आला. प्रश्न तर सरळ होता!

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. ह्यांची एक चप्पल देवळातल्या कुत्र्याने पळवली होती. रस्त्यापलीकडे एस.टी.ची वाट बघत असलेला एक मुसलमान गृहस्थ तिच्यासाठी कुत्र्यामागे लंगडत धावत होता, आणि हे कट्ट्यावर बसून हसत होते. गुरवकाका आणि मी बाहेर आलो तोवर त्याने चप्पल सोडवून आणली होती. पण त्याचं बोट रक्ताने माखलेलं. मला वाटलं कुत्रा चावला.

"कुत्रा नाय वहिनी, चपल चावली," तो म्हणाला. "ह्यात चूक हाय. दाबलं की वर येतेय, सोडलं की आत जातेय."

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. पट्टा दुरुस्त करताना चांभाराने मारलेली बारीकशी चूक, म्हणजे छोटा खिळा, मऊ तळव्यातून टोक वर काढत होती, बरोबर जखमेच्या जागी. ह्यांना ती टोचलेली कळत नव्हती. डॉक्टरांनी कधी पाहिली नव्हती, कारण दवाखान्याच्या दाराबाहेर आम्ही चपला काढून ठेवायचो. घरातही कुठली चप्पल आत येते? पाय तपासला, जंतू तपासले, वाडीभरचा पाला तपासला. चप्पल तेवढी दाराबाहेरच राहिली.

तो ह्यांच्या शेजारी बसला आणि स्वतःचा पाय पुढे केला. दोन बोटं नव्हती. "मला पण साखर हाय. दुबईत होतो. बुटात खडा होता, दिवसभर कळलाच नाय," तो म्हणाला. "आता पायात घालायच्या आधी हात घालून बघतो. पायाला कळत नाय, हाताला कळतं." मी पिशवीतल्या कापसाने त्याचं बोट पुसत होते आणि माझे डोळे वाहत होते. तेवढ्यात जयगडची गाडी आली आणि तो चढून गेला. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, त्याचं नाव विचारायचं विसरले.

गाभाऱ्यात परत गेलो तर दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. आधी कुठली पडली, हे बघायला आत कुणीच नव्हतं. गुरवकाका म्हणाले, "परत लावू?" मी नको म्हटलं.

चपला बदलल्या, डॉक्टरांनी पायावर भार येणार नाही अशी सोय करून दिली, औषध तेच ठेवलं. जखम तळापासून भरत आली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पाय हातात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "अंगठा राहतोय." ह्यांनी काहीच विनोद केला नाही. रिक्षात बसल्यावर माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

त्या कुत्र्याला देवीने पाठवलं असं मी म्हणणार नाही. देवळातलं कुत्रं चपला पळवतंच. पण त्या वेळी, त्या माणसाच्या समोर, तीच चप्पल! ह्याचा उलगडा मला होत नाही आणि करावासाही वाटत नाही. दगडीपाल्याची चौकशी मी सोडलेली नाही. त्यात काही असेल तर जाणत्यांनी ते नीट शोधावं असं मनापासून वाटतं. फक्त एवढं शिकले, की उत्तर होय किंवा नाही असंच यावं, हा माझा हट्ट होता. देवीच्या हाती दिलं म्हणताना मी तिला दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या.

नंतर आम्ही दोघं ओटी भरायला गेलो. गुरवकाकांनी सवयीने पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, "बाय, काय इचारायचा हाय?" मी शेजारी बघितलं. हे जांभ्याच्या फरशीवर दोन्ही पाय टेकून उभे होते, कुणाचाही आधार न घेता.

"काही नाही काका," मी म्हटलं, "आज नुसतीच आलेय."