मेल्यानंतरचा हसरा फोटो

पण माझं काय चुकत होतं दादा? आधार कार्डावरच्या त्या फोटोत बाबा बाबांसारखे दिसतात तरी का? माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा चांगला हसरा फोटो आहे, तो मोठा करून हार घातला असता तर काय बिघडत होतं... तू फोन उचलत नाहीस, म्हणून इथे फेसबुकवर लिहितोय. इथे तरी वाचशील.

बाकीच्यांना सांगतो. आमचे बाबा गेल्या वर्षी गेले. मी इथे सिंगापूरला एसी सर्व्हिसिंगला, मला जाता आलं नाही. आता वर्षश्राद्ध आलंय, दादाला फ्रेम करायचीय, आणि फोटो कुठला यावरून आमचं पंधरा दिवस वाजलंय.

तर मागच्या महिन्यात तोआ पायोहला एका फ्लॅटमध्ये एसी धुवायला गेलो. हॉलमध्ये सोफ्यावर एक म्हातारा डोळे मिटून पडला होता... माझ्या हातातला पाइप तसाच राहिला. हा माणूस मला माहीत होता. पण मेलेलाच माहीत होता.

आमचं गाव गडहिंग्लजकडचं, कन्नड लहानपणापासून कानावर. बाबा मला संकेश्वरला कन्नड पिक्चरला न्यायचे आणि त्यात हे विरुपाक्ष अण्णा हमखास असायचे. हिरोचा बाप, नाहीतर थोरला भाऊ, नाहीतर प्रामाणिक फौजदार... इंटरव्हलच्या आत मरायचे. बाबा कोपर मारून म्हणायचे, "गेला बघ." आणि स्वतःच हसत सुटायचे.

मी कन्नडमधून बोललो तसे अण्णा उठून बसले. हार्टच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे आले होते. मुलगी बँकेत, हे दिवसभर एकटे. मग मी दर रविवारी वुडलँड्सच्या माझ्या खोलीवरून त्यांच्याकडे जायला लागलो. ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

त्यांनी सगळं सांगितलं. आधी नाटक कंपनीत पडदा ओढायचे. एकदा प्रेताचं काम करणारा आला नाही म्हणून यांना झोपवलं. यांनी श्वास असा धरला की पुढे सिनेमावाले त्यासाठीच बोलवायला लागले.

सिनेमात एक रीत असते म्हणे. मरायचा सीन झाला की त्या नटाने उठून हसायचं आणि फोटो काढून घ्यायचा. म्हणजे ते मरण खोटं ठरतं. अण्णांकडे अशा फोटोंचा अल्बमच आहे. कपाळाला रक्त, नाकात कापूस, आणि दात काढून हसतायत. मी पानं उलटत गेलो... एक जागा रिकामी.

ती जागा त्यांच्या स्वतःच्या पिक्चरची. जमीन विकून प्रोड्युसर झाले, हिरोही तेच. शेवटी मरायचं होतं. ऊन उतरत होतं, कॅमेरा संध्याकाळी परत करायचा होता. फोटोसाठी सगळे थांबले, पण प्रोड्युसर म्हणून अण्णांनीच नको सांगितलं.

पिक्चर चालला. पुढे आणखी चार काढले, नाव झालं, बंगला झाला. पण त्या दिवसापासून एकाही फोटोत त्यांचं हसू आलं नाही... ॲक्टिंग सुटली ती सुटलीच. मुलीच्या लग्नाचा अल्बम त्यांनी मला दाखवला. सगळे हसतायत, आणि मधे अण्णांचा चेहरा, सोफ्यावर पाहिला तसाच.

"तम्मा, एक जण तिथेच पडून राहिलाय," अण्णा म्हणाले. "तो उठल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही."

डॉक्टरची तारीख दोनदा पुढे गेली होती. शेवटी मुलीने हात टेकले. रविवारी तो राहिलेला फोटो काढायला तिघं बोटीने पुलाउ उबीन बेटावर गेलो. ती जेट्टीवरच नारळपाणी घेऊन बसली, पुढे यायला तयार नाही.

तिथे पत्र्याच्या छपराची जुनी लाकडी घरं आहेत, त्यांच्या पिक्चरमधल्यासारखी. एका बंद घराच्या व्हरांड्यात अण्णांनी चटई टाकली. भर दुपार, झाडीत नुसती किरकिर आणि माणूस कुठे नाही. नाकात कापूस त्यांनी स्वतःच घातला. मग माझ्या हातात सुतळी दिली, पायाचे अंगठे बांध म्हणाले.

दादा, बाबांचे अंगठे तू बांधलेस. मी व्हिडिओ कॉलवर बघत होतो, मधेच नेटवर्क गेलं... माझ्या हाताने गाठ बसेना.

कशीतरी बांधली. अण्णांनी डोळे मिटले. दोन मिनिटं म्हणाले होते, पाच झाली. छाती हलत नव्हती. पापणीवर मुंगी चढली, उतरली, पापणी हलली नाही. एक घोरपड पायरीशी येऊन थांबली, चटईकडे बघत. मी हाक मारली, अण्णा... परत मारली. तिसऱ्यांदा तोंडातून बाबा आलं.

आणि हसू ऐकू आलं. चेहरा तसाच होता. हसू आधी आलं, चेहरा मागून हलला...

अण्णा उठून बसले, पोट धरून हसत होते. मी धडाधड तीन फोटो काढले. दोन फोटोंत अण्णा तोंडभर हसतायत. पहिल्यात बसलेलेच आहेत, पण डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. शपथेवर सांगतो, तेव्हाही ते हसतच होते.

अण्णांनी तो फोटो खूप वेळ बघितला. म्हणाले, "हाच तो. उठला बिचारा."

परत येताना बोटीत मी बाबांचा हसरा फोटो दाखवला, आपलं भांडण सांगितलं. वाटलं, माझीच बाजू घेतील. नाही घेतली. "हसरा फोटो उठणाऱ्याचा असतो, तम्मा. त्याला हार घालू नको, तो तुझ्याजवळ ठेव. भिंतीवर भाऊ म्हणतो तो लावू दे."

गुरुवारी ऑपरेशन झालं. मुलीचा मेसेज आला, पप्पा शुद्धीवर आले. डोळे उघडायच्या आधीच हसले म्हणे, नर्स दोन पावलं मागे सरली.

तर दादा, तुझंच खरं. आधारचाच फोटो लाव. काच चांगली घाल, हार मोगऱ्याचा नको, बाबांना वासाने शिंका यायच्या... फ्रेमचे आज पाठवतोय, चार हजार दोनशे.