पक्का आणि फुसका

चाचा काडतूस हातात घेत तेव्हा एक डोळा मिटत आणि ओठ मुडपत, बाजारात अंडं उजेडाला धरून बघावं तसं. आखातात, उम्म अल कुवैनच्या आमच्या नेमबाजी क्लबात सरावासाठी वापरलेल्याच पितळी पुंगळ्या पुन्हा भरल्या जात. मागच्या खोलीत चाचा त्या निवडत, धुवत, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवत, दारू घालत आणि वर गोळी दाबण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावत. दारू घालायची राहिली तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर पिस्तूल हातात फुटतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी न विचारता.

ते रत्नागिरीजवळचे, मी अल बर्शातली नोकरदार बाई. माझं मराठी ऐकलं आणि मी त्यांची 'बाय' झाले. जगाचे त्यांनी दोनच भाग केले होते, पक्का आणि फुसका. मॅनेजरचं आश्वासन फुसकं, कॅन्टीनचा चहा फुसका, माझा डावा हातही फुसका. मी घाई केली की म्हणत, "यल्ला यल्ला करू नको, बाय. पन्नास मोजून नाही, पन्नास बघून देतो."

मग मॅनेजरसाहेबांनी मशीन आणलं. ते तासाला किती भरतं हे ऐकून सगळे खूश. चाचांचा दिवा काढून घेतला आणि हातात झाडू दिला. मशीन मधूनच एखादी पुंगळी दारूविना सोडतंय, असं त्यांनी तीनदा जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, 'चाचा, रिलॅक्स.' ज्याचं अर्धं आयुष्य या कामात गेलं, त्या साठीच्या माणसाला म्हणे रिलॅक्स!

त्या शनिवारी माझं पिस्तूल नुसतं फट् करून थांबलं. मला वाटलं, काडतूस पेटलंच नसेल. मी स्लाइड ओढली, दुसरं काडतूस आत घेतलं आणि नेम धरला. मागे पुंगळ्या गोळा करत असलेले चाचा, नोकरांनी ओलांडायची नाही ती लाल रेषा ओलांडून ओरडले, "फुसका! बाय, फुसका!" रेंजवर पाच देशांची माणसं होती, कळलं फक्त मला. मी पिस्तूल खाली ठेवलं. नळीत गज घालून पाहिलं तर गोळी मध्यावर रुतून बसली होती.

माझा हात वाचला आणि चाचांची नोकरी गेली. कारण काय, तर धोका दिसला की 'स्टॉप' ओरडायचं असं नियमावलीत लिहिलंय, आणि हे भलत्याच भाषेत ओरडले, गिऱ्हाइकं घाबरली. वर लाल रेषा ओलांडली. "तोंडात तेच आलं, सर," एवढंच चाचा म्हणाले. मी ती गोळी मॅनेजरच्या टेबलावर आपटली, घसा बसेपर्यंत भांडले. पॉलिसी म्हणजे पॉलिसी, मॅडम, असं तो हसतमुखाने सांगत राहिला. नोकरीबरोबर व्हिसाही गेला, महिन्याभरात चाचा विमानात. मी निरोपाला गेले तर ते उलट मलाच समजावत होते, "खलास, बाय. हात शाबूत आहे ना तुझा?" त्यांच्या त्या शांतपणाचाही मला राग आला. अजून येतो.

ते गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात क्लबाचं पत्र आलं. कर्मचाऱ्याच्या वागण्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि भेट म्हणून पन्नास काडतुसं, 'प्रत्येक काडतूस हाताने तपासलेलं'. मी त्यांना लिहून कळवलं, तो हात तुम्ही रत्नागिरीला पाठवलात.