अनंताने पास केलेला सेट

अनंता नाखवा करंजाड्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आला, तरी मोरा बंदरातल्या होड्यांनी काही त्याचा पिच्छा सोडला नाही. कोळ्याचं पोर असून त्याला समुद्र कधी मानवला नाही, उलट्या व्हायच्या. बापाने हात टेकले आणि त्याला रेडिओ दुरुस्तीला बसवला. तिथे मात्र गड्याने नाव काढलं. होडीवरचा वायरलेस बिघडला की तो पिशवीत घालून करंजाड्याला यायचा. परत जाताना त्यावर एक चिकटपट्टी असायची, ‘तपासले, अ. ना.’ ती पट्टी असली की मोऱ्याच्या बायका निर्धास्त झोपायच्या. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याला अक्कल नव्हती.

वायरलेसच्या पोटात ऑसिलेटर नावाचा एक तुकडा असतो. त्याने सेकंदाला लाखो वेळा एकसारखे ठोके द्यायचे, एवढंच त्याचं काम. ठोका थरथरला की माणसाचा आवाज फाटतो. ही थरथर मोजायची यंत्रं लाखांच्या घरातली. अनंताने भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डावर ते काम भागवलं होतं. एक खात्रीचा ऑसिलेटर, एक तपासायचा. दोघांची गाठ घातली की त्यांच्यातल्या फरकाची एक बारीक शिट्टी उरते. ती माईकच्या भोकातून कॉम्प्युटरमध्ये सोडायची. पडद्यावर उभी रेघ येते. रेघ सडसडीत असली तर माल चांगला, पायाशी घेर सुटला तर वाईट.

पूर्वी तो दोन ऑसिलेटरना दोन वेगळ्या बॅटऱ्या लावायचा. नव्या घरात बॅटऱ्या ठेवायला जागा कुठली? बायको, माधुरी, ॲसिडच्या वासाने करवादायची. म्हणून गणपतीनंतर त्याने दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर घेतले. आणि काय आश्चर्य, रेघा पूर्वीपेक्षा सडसडीत यायला लागल्या! अनंताने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्या दिवशी सकाळी अकराला त्याने एक सेट उघडला होता. सप्लायची एक वायर तुटली म्हणून तपासायच्या ऑसिलेटरला तात्पुरती स्कूटरची जुनी बॅटरी जोडली, आणि पडद्यावरची रेघ तंबूसारखी पसरली. त्याने डोळे चोळले. वायर जोडून परत एकाच सप्लायवर घेतलं. रेघ सडसडीत. बॅटरीवर घेतलं, तंबू.

मग त्याला कळलं. सप्लाय हलला की दोन्ही ऑसिलेटर एकाच वेळी, एकाच बाजूला हलत होते. एका होडीत समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांचं हलणं कुठे दिसतं? आणि हे कोळ्याच्या पोराला कळू नये! सडसडीत रेघेचा अर्थ एवढाच होता, की ती थरथर त्याला दिसतच नव्हती.

गणपतीनंतर त्याने असे तीनच सेट तपासले होते. एक समोर उघडा पडलेला. दुसरा कपाटात. तिसरा काशीरामच्या होडीवर, आणि काशीराम म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा नवरा.

त्याने हौसाला फोन लावला.

“काशीराम कुठं हाय गो?”

“परवाच गेलं ना ते. खांदेरीच्या पलीकडं. मोबाईल नाय लागत. का रे दादा?”

“काय नाय. असंच.”

“संध्याकाळी वारा सुटनार बोलतान. पन तुझा सेट हाय ना, मंग मी कशाला घाबरू?”

सांगायला हवं होतं. पण त्याने फोन ठेवला. इंजिन सुरू असलं की होडीवरची वीज सतत हेलकावते, आणि त्या सेटवर माणसाचा शब्द नाही, नुसती घरघर जाणार. काशीरामने मदत मागितली तरी कुणाला कळणार नाही. अनंताने स्कूटर काढली.

करंजाडे ते मोरा रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग होती. अनंता दोन ट्रेलरांच्या मधून, एरवी कधी घुसला नसता अशा फटींतून घुसत गेला. आभाळ भरून येत होतं. त्याला आठवलं, होडीवर काशीरामसकट पाच माणसं आहेत. चौघांची तोंडं आठवली. पाचवं कोण, ते काही केल्या आठवेना, आणि त्याच गोष्टीची त्याला जास्त भीती वाटायला लागली.

मोऱ्याच्या धक्क्यावर ओळखीच्या दत्ताची होडी लागलेली होती. दत्ता जाळं आवरत होता. हौसाही तिथेच मासळीच्या टोपलीपाशी बसली होती. भावाचा चेहरा पाहून ती उठली.

“दादा, काय झालं?”

“काशीरामचा सेट खराब हाय,” अनंता म्हणाला. “मी चुकीचा पास केला.”

हौसाने टोपली बाजूला सारली. ती शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं.

दत्ताचा सेट जुना, दोन बॅटऱ्यांच्या काळात तपासलेला. त्यावर भरवसा होता. अनंता होडीत उतरला. त्या दिवशी मळमळायलाही त्याला सवड नव्हती. त्याने आवाजाचं बटण वाढवलं आणि केबिन घरघरीने भरून गेली.

“ही तर सकाळपासून चालू हाय,” दत्ता म्हणाला. “कुनाच्या तरी मशीनचा आवाज येतो बोलून आमी सगल्यांनी बटन कमी केलं.”

अनंताने कान लावला. घरघर थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. मशीन असं दम घेत नाही. कुणीतरी बोलत होतं.

त्याने माईक धरला. “काशीराम, इंजिन बंद कर. मंग बोल.” पलीकडे ऐकतानाही घरघर असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण दहादा सांगितलं तर एकदा तरी पोचेल. “इंजिन बंद. इंजिन बंद. काशीराम, इंजिन बंद कर.” तो सांगत राहिला. हौसा केबिनच्या दारात येऊन उभी होती.

घरघर अचानक थांबली.

“थांबली का? दादा, थांबली का ती?”

इंजिन बंद झालं असेल. किंवा बॅटरी संपली असेल, किंवा आणखी काही. तिघंही त्या डब्याकडे बघत राहिले. बाहेर वाऱ्याने दत्ताच्या होडीचा दोर ताणला.

मग आवाज आला, स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा.

“कोन हाय रे? अनंता? मिथुनचा हात दोरात गेला. लय रगत गेलंय. आता डोलं उघडत नाय तो. सकाळपासून हाका मारतोय मी. सगल्यांना मारतोय. कोनीच कसं बोलत नाय?”

मिथुन. पाचवा तो होता.

दत्ता फोन काढून धक्क्यावर पळाला, मदतीची बोट मागायला. हौसाने भावाकडे पाहिलं.

“सकाळपासून?” तिने विचारलं.

अनंताने माईकचं बटण दाबलं. “ऐकतोय मी,” तो म्हणाला. “हातावर फडका घट्ट बांध. कुठं हाय ते सांग.” बटण सोडलं, आणि केबिनमधल्या एका कागदावर काशीराम सांगेल ते लिहू लागला.