नेनेकाका न जेवता का गेले?

हडपसरला, माझ्या माहेरी, एखादी गोष्ट घडली की घडून जाते. आत्या म्हणते, "झालं न्हवं? मग आता काय हाय त्यात?" आणि विषय संपतो. सासरी, शनिवार पेठेतल्या दामल्यांकडे, मात्र गोष्ट घडून गेली की तिथून खरी सुरू होते. माझे सासरे इतिहाससंशोधक आहेत. लग्नाला अजून वर्ष झालं नाही, पण माझ्याकडे इतके किस्से साठलेत की माहेरी गेल्यावर मैत्रिणी चहा टाकायच्या आधीच विचारतात, "काय गं, नवीन जुनं काय?"

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी पातेलं उघडून मी म्हटलं, "दूध नासलंय वाटतं."

पेपरामागून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "आधार काय?"

या घरात हा प्रश्न कुणालाही, कशावरही विचारला जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी घाबरत म्हटलं, "वास येतोय."

"वास हा परिस्थितिजन्य पुरावा झाला. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये."

सासूबाईंनी त्याच दुधाचा चहा केला आणि बाबांपुढे ठेवला. "घ्या. अस्सल साधन."

* * *

दर शनिवारी पाच वाजता आमच्याकडे बैठक भरते. माणसं चारच. बाबा. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र नेनेकाका. जुनी मोडी कागदपत्रं वाचून देणाऱ्या सुलभाताई. आणि इनामदार सर, ज्यांना कुठल्याही बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि ते तसं बोलतातही.

वाद एकच आहे. पेशवाईच्या अखेरीस एका किल्लेदाराने आपला किल्ला शत्रूला दिला की नाइलाजाने सोडला? बाबा म्हणतात, शेवटपर्यंत लढला आणि मग सोडला. नेनेकाका म्हणतात, दरवाजा आतून उघडला. दोघांचाही भरवसा एकाच पत्रावर. पत्रात त्या दिवसाची हकीकत नेमकी जिथे सुरू होते, तिथून पुढचा भाग उंदराने खाल्लाय.

लग्न ठरल्यावर मी एका शनिवारी तिथे होते, तेव्हा आवाज फारच चढले. मी पोहे घेऊन दारातच थांबले. सुलभाताईंनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण त्या उंदराच्या पोटातल्या मजकुरावर भांडतोय, हे लक्षात आहे ना?"

"उंदीर माझ्या बाजूचा होता," नेनेकाका म्हणाले.

* * *

पुढचा किस्सा मी येण्याआधीचा, सासूबाईंकडून ऐकलेला. म्हणजे दुय्यम साधन.

त्या किल्लेदाराचे वंशज वाघोलीला राहतात. घरंदाज, जमीनजुमलावाली माणसं. आपल्या पूर्वजाला कुणीतरी फितूर म्हणतंय हे त्यांच्या कानावर गेलं. एका शनिवारी तिघं जण दोन गाड्या घेऊन आले. आवाज न चढवता म्हणाले, आमच्या घरातल्या पोरींची लग्नं व्हायचीत, जरा जपून लिहा. येताना पेढे आणले होते. बाबांनी त्यांना आपलं मत समजावून सांगितलं, ते खूश झाले. मग सगळे नेनेकाकांकडे बघायला लागले.

नेनेकाकांनी पेढा खाल्ला. सावकाश, पूर्ण.

"पेढा उत्तम आहे," म्हणाले. "मत तेच आहे."

* * *

आता आमच्या लग्नाचं.

बुफे नको, पंगतच हवी, हा बाबांचा हट्ट. पंगत म्हटली की यजमानाने मोठ्या माणसांना स्वतः जाऊन 'जेवायला बसा' म्हणायचं, हा इकडचा रिवाज. नेनेकाका अक्षता टाकून, अहेर देऊन, न जेवता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुलभाताईंकडून निरोप आला: दामल्यांनी मला पंगतीला बोलावलंच नाही.

बाबा म्हणाले, बोलावलं. खांद्यावर हात ठेवून बोलावलं.

नेनेकाकांचं उलट म्हणणं, हात ठेवला तो मला बाजूला सारायला. मागे व्याही उभे होते, त्यांच्याकडे जायचं होतं.

पुढच्या शनिवारी नेनेकाका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

हे सगळं घडलं तेव्हा मी मुंडावळ्या बांधून दोघांच्या हातभर अंतरावर उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. या मंडळींचा साक्षीदारावर विश्वास बसतो, पण तो वारल्यानंतर.

* * *

मग बाबांनी लग्नाचा व्हिडिओ तपासायला घेतला. इनामदार सरांना बोलावलं. टीव्हीवर तो प्रसंग थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा पाहिला. खांद्यावर हात स्पष्ट दिसतो. बाबांचे ओठ हलताना दिसतात. पण व्हिडिओवाल्याने त्या जागी मूळ आवाज काढून सनई घातलेली.

"प्रक्षेप!" बाबा ओरडले. "मूळ साधनात नंतर कुणीतरी घुसडलेला मजकूर!"

इनामदार सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "हात पाहिला तर बोलावल्यासारखा वाटतो. पाय पाहिले तर निघाल्यासारखे."

बाबांनी त्यांना त्या दिवशी दुसरा चहा विचारला नाही.

* * *

गंमत इथपर्यंत ठीक होती. पण बाबांचं किल्लेदारावरचं पुस्तक लिहून तयार होतं आणि ते छापायला जात नव्हतं. प्रकाशकाचे फोन येत. बाबा उद्या बघू म्हणत. शनिवारी पाच वाजता ते खुर्चीत बसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर आधी स्वतःचा मुद्दा मांडत होते, मग आवाज थोडा चिरका करून नेनेकाकांचा.

"कोण जिंकतंय?" मी विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. "त्यात काही राम नाही."

मग कप उचलत, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "ज्याने खोडून काढायचं, त्यानेच वाचलं नाही, तर पुस्तक खरं आहे हे मला कसं कळणार?"

मी हे रात्री निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना म्हणावं सॉरी म्हणा एकदा." याचं शिक्षण इंजिनिअरिंगचं. म्हणून मी सुलभाताईंना सांगितलं.

* * *

सुलभाताईंनी दोघांनाही कळवलं की कागदावर हा वाद सुटणारा नाही, आता स्थळपाहणी केली पाहिजे. प्रसंग जसा घडला तसा पुन्हा मांडून बघायचा. कार्यालय पुन्हा मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे आमचा हॉल. पाट, केळीची पानं, मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी, सगळं लग्नातल्यासारखंच. मलासुद्धा शालू नेसायला लावला. मुंडावळ्यांना मात्र मी नाही म्हटलं.

नेनेकाकांनी निरोप धाडला, "मी जेवायला येत नाही. पाहणीला येतो."

आले. चप्पल काढली. पानांकडे पाहिलं, जिलबीकडे जरा जास्तच. मग सुलभाताईंनी दाखवलेल्या जागी, भिंतीला टेकून उभे राहिले. इनामदार सर व्याह्यांच्या जागी. मी माझ्या जागी, हातभर अंतरावर, या वेळी हातात तुपाचं भांडं.

बाबा आतून आले. नेनेकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी सनई नव्हती. वरचा पंखासुद्धा सासूबाईंनी बंद केला होता.

"नेने," बाबा म्हणाले, "जेवायला बसा."

नेनेकाकांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

"सुलभाताई, नोंद घ्या," ते म्हणाले. "हे पहिलं आमंत्रण."

"दुसरं," बाबा म्हणाले.

"पहिलं."

"दुसरं. आणि पानावर बसल्यावर वाद घालू नये. पुस्तक जेवणानंतर देतो."

"किती पानी?"

"तुम्हाला खोडायला पुरेल एवढं."

दोघं शेजारीशेजारी पाटावर बसले. वरण-भात वाढून झाला. मी तुपाचं भांडं घेऊन वाकले, तेव्हा एकदम दोघांच्याही काहीतरी लक्षात आलं असावं. हात पानावर तसेच थांबले आणि दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," नेनेकाका सावकाश म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तिथेच उभ्या होता, नाही का?"

मी म्हटलं, "तूप किती वाढू?"