पुंजाजीच्या जीपमधला बारीक आवाज

पुंजाजीचा हात आधी उठायचा, तोंड मागाहून उघडायचं. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्या बायकोला, जनकाबाईला, लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. लोक तिला सोशिक म्हणायचे. सोशिक म्हणजे काय, तर मार खाताना ओरडत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. एवढंच.

नवऱ्याच्या जुन्या जीपमध्ये ती रोज बसायची, ती काही हौसेनं नव्हे. मागच्या बाकड्यांवर माणसं दाटून बसवायची, गाव आलं की उतरवायची, हे काम तिचं. पोळ्यानंतर एका सकाळी पुंजाजी गाडी चालवता चालवता म्हणाला, "कुठूनतरी बारीक टुंगटुंग येऊन राहिली. लांब कुठं घंटी वाजावी तशी."

जनकाबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. आवाज बारीक नव्हता. स्टीलच्या ताटावर उलथनं आपटावं तसा तो तिच्या कपाळात शिरत होता.

मग तिला उमजलं. उन्हाळ्यात स्टँडवर आधी कुणाची गाडी भरायची, या नंबरावरून वसमतच्या ड्रायव्हरांशी मारामारी झाली होती. चाक खोलायची लोखंडी टॉमी पुंजाजीच्या कानशिलावर बसली होती. कानातून रक्त आलं, तर यानं बोळा कोंबला आणि समोरच्याचा गळा धरला. दवाखान्यात गेला नाही. तेव्हापासून 'जेवायला वाढलं' हे तिला दोनदा सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगितलं की 'वरडती काहून?' म्हणून पाठीत बुक्की बसे. एक कान गेलेला, दुसरा इंजिनानं आणि हॉर्ननं बोथट केलेला. पण पुंजाजीला बहिरा कोण म्हणणार?

आवाजाचा शोध त्यानं त्याच्या पद्धतीनं लावला. आधी एका कॉलेजच्या पोराचा मोबाइल वाजतोय असं ठरवून त्याला थोबाडलं आणि मोबाइल खिडकीबाहेर फेकला. मग टेप वायरींसकट उपटला. मग स्टेअरिंगपुढच्या मीटरच्या काचेवर अशी बुक्की हाणली की काच फुटली, मूठ फुटली आणि आतले दिवे कायमचे विझले. आवाज होता तसाच.

शेवटी गाडी रविंद्रच्या दुकानापुढं उभी केली. रविंद्र गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. त्यानं चावी फिरवली, ऐकलं आणि सरळ सांगितलं, "दादा, ह्यो ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशारा हाय. लाल दिवा बी लागला असता, पण तुमी त्यो फोडला. बॉनेट उघडा, बघतो. आन बारीक कुठं म्हनता? पार रस्त्यापोतर ऐकू येऊन राहिला."

"म्हंजी मी बहिरा हाय व्हय?"

रविंद्रला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. त्याच्याच हातातली पक्कड हिसकून पुंजाजीनं त्याच्या तोंडावर मारली. समोरचे दात ओठातून बाहेर आले. बॉनेट बंदच राहिलं.

'ब्रेक' हा शब्द मात्र जनकाबाईच्या डोक्यात रुतला.

बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली. स्टँडवर थांबताना पुंजाजीनं ब्रेक तीनतीनदा दाबला, तरी जीप जाऊन केळीच्या गाड्याला भिडली. केळीवाल्यालाच त्यानं शिव्या घातल्या. आता पुढं नदीच्या पुलाचा उतार होता. आवाज सलग वाजत होता आणि गाडीतलं प्रत्येक माणूस खिडकीबाहेर बघत होतं.

"पंतकाका, तुमी तरी सांगा त्यान्ला," तिनं शेजारी बसलेल्या रिटायर कारकून बंडोपंतांना हळूच म्हटलं.

"बाई, माझी कवळी नवीन आहे," बंडोपंत म्हणाले.

जनकाबाई खाली उतरली. "अवो, बॉनेट उघडा."

"बस गाडीत."

"ब्रेक लागंना. मानसं मरतीन. उघडा."

"बस म्हनलं ना जनके."

तिनं सीटखालची टॉमी ओढली आणि समोरच्या काचेवर घातली. पहिल्या घावात तडा गेला, दुसऱ्यात काच पुंजाजीच्या मांडीवर आली. तो खाली उतरला. केस धरून त्यानं तिला जीपच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, परत एकदा. टॉमी सुटेना म्हणून बोटं पिरगाळली. करंगळी मोडल्याचा आवाज बंडोपंतांपर्यंत गेला. तिनं त्याच्या मनगटात दात रोवले ते रक्त लागेपर्यंत सोडले नाहीत. माणसं उतरली. तिची दया येऊन नव्हे, काच नसलेल्या गाडीतून कोण जाणार म्हणून.

या गोंधळात सुजल्या तोंडाचा रविंद्र पलीकडून आला आणि त्यानं बॉनेट उघडलं. ऑइलची डबी कोरडी ठणठणीत होती. पुढचं एक चाक आतून गळलेल्या तेलानं माखलेलं होतं. त्यानं पुंजाजीचा हात धरून ब्रेकच्या पायडलवर टेकवला. पायडल पत्र्याला जाऊन लागलं.

"मला वाटलंच होतं," बंडोपंत म्हणाले.

पुंजाजी बायकोकडे वळला. "तुला आवाज येत व्हता?"

"पयल्या दिवसापासून. कानठळ्या बसत व्हत्या."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"बोलला त्याचं तोंड बघा," ती रविंद्रकडे मान करून म्हणाली. मग पुंजाजीच्या चांगल्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाई."

अख्ख्या स्टँडनं ऐकलं. त्याचा हात उठला. तिनं टॉमी डाव्या हातात घेतली होती, आणि ती मागं सरली नाही. हात तसाच राहिला, मग त्यानं तो स्वतःच्याच मांडीवर हाणला.

तिची करंगळी वाकडीच जुळली. गाडी दुरुस्त झाली. पुंजाजी सुधारला वगैरे काही नाही, असल्या गोष्टी पुस्तकात घडतात. पण आता चावी फिरवली की तो तिच्याकडे बघतो, आणि ती 'न्हाई वाजत' म्हणेपर्यंत गिअर टाकत नाही.

परवा एका म्हाताऱ्यानं चढायला वेळ लावला. पुंजाजी शिव्या देत उतरू लागला, मूठ आवळलेली.

"वाजून राहिला," जनकाबाई म्हणाली.

तो निमूट पुढं गेला, बॉनेट उघडून वाकून बघत बसला. म्हातारा सावकाश चढला, पिशवी मांडीवर घेऊन बसला. काहीही वाजत नव्हतं.