टाकीतलं खारं पाणी

धाकटी डहाणू गावच्या रुपलची जीभ कशी चालते, ते तलासरीच्या बाजारात कुणालाही विचारा. बोंबील मऊ पडलाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही सुनावते की तो बिचारा मुकाट्यानं एक वाटा जास्तच घेऊन जातो. पोलिसाला घाबरत नाही, दलालाला घाबरत नाही. आणि हीच बाई आपला टेम्पो चालवायला बसली की आवाज खाली आणते आणि बोलायला लागते. एकटीच. शेजारच्या सीटकडे बघत. त्या सीटवर तिनं कधी टोपली ठेवली नाही, की पाय दुखतात म्हणणाऱ्या बाईला बसू दिलं नाही. लोक म्हणायचे, तुसडी आहे. म्हणू देत, लोकांचं काय जातं.

टेम्पो तिच्या नवऱ्याचा, भाविकचा. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की तो भाडी मारायचा, एरवी दर्यावर. दोन हिवाळ्यांमागे त्याची बोट पहाटे किनाऱ्याला लागली ती त्याच्याशिवाय. बरोबरचे खलाशी सांगत होते, मागच्या बाजूला उभा होता, वळून बघितलं तर नाही. चहूकडे शोधलं. वर गुजरातच्या हद्दीपर्यंत लोक जाऊन आले. अंग काही मिळालं नाही.

आणि अंग मिळालं नाही म्हणून त्याची आई, पुतळी, दिवसकार्य करू देईना. भावकीनं हात टेकले. आधी माझा पोर मला दाखवा, मग पिंड ठेवते, असं म्हातारीनं वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगितलं. त्यामुळे रुपलचं झालं असं, की कपाळाचं कुंकू पुसायलाही कुणी सांगेना आणि हळदीकुंकवाला बोलवायलाही कुणी धजेना. माणूस गेला म्हणावा तर गेला नाही, आहे म्हणावा तर कुठे आहे? खरं सांगायचं तर रुपलला मनातून ते बरंच वाटत होतं. दिवसकार्य झालं की संपलं. ते तिला संपवायचं नव्हतं.

त्यात त्या काचेचा प्रकार सुरू झाला. पुढच्या काचेवर धूळ बसली की माणूस स्टिअरिंगजवळची दांडी ओढतो, पाण्याची चिळकांडी उडते, वायपर फिरतो, झालं काम. पण रुपलच्या टेम्पोची काच धुऊन वाळली की तिच्यावर पांढरं उमटायचं. आधी तिला वाटलं चुना असेल. एकदा बोट फिरवून जिभेला लावलं, तर मीठ. आता काच धुण्याच्या टाकीत पाणी भरायची ती स्वतः, दारच्या विहिरीचं, आणि ती विहीर तर अख्ख्या आळीत गोड.  त्या दिवशी ती टेम्पोत बसली तेव्हा मानेवर काटा उभा होता, शेजारी बघायची छाती होईना. मग तलासरीच्या वाटेवर गंजाडच्या आसपास कधीतरी तिनं बघितलं. कुणी दिसलं नाही, पण कुणी नाही असंही वाटेना. दर्यातून येणारा माणूस अंगावर मीठ घेऊनच येणार, दुसरं काय आणणार तो? भीती गेली आणि तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती त्याच्याशी बोलायला लागली.

त्यानंतर रोजचंच झालं. किनाऱ्यावर मावरं म्हणजे मासळी घ्यायची, बर्फ टाकायचा, आणि गंजाड, चारोटी करत हायवेनं तलासरी गाठेपर्यंत त्याला सगळं सांगायचं. पापलेट कसं महागलं, कौलं कुठे गळतात, त्याच्या आईचा गुडघा कसा धरतो. भांडायचीसुद्धा. हातानं दोर धरून उभं राहायला काय झालं होतं तुला, म्हणायची. चारचौघांत ती त्याला 'हे' म्हणे, टेम्पोत नावानं हाक मारी. काचेवरचं पांढरं ती तलासरीला पोचल्याशिवाय पुसत नसे.

यंदाच्या थंडीत एका सकाळी चारोटीच्या पुढे दाट धुकं होतं. पुढून टँकर गेला आणि रस्त्यावरचा सगळा काळा राडा तिच्या काचेवर आला. तिनं दांडी ओढली. पाणी नाही. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. वायपर कोरडा फिरला आणि राडा काचभर सारवून ठेवला. पुढचं काही दिसेना, मागून ट्रक भोंगे देतायत. अंदाजानं तिनं टेम्पो कडेला घेतला. मरता मरता वाचली होती बाई, पण तिच्या डोक्यात तेव्हा मरणाचं नव्हतंच. तिच्या डोक्यात एवढंच होतं की पाणी बंद झालं, म्हणजे भाविक गेला. प्यायच्या बाटलीतल्या पाण्यानं काच धुऊन ती तशीच तलासरीला आली. काच वाळली. पांढरं आलं नाही.

बाजार उरकून ती लाहूकडे गेली. लाहू म्हणजे बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमधला मिस्त्री, कमी बोलणारा, कानावर बिडी अडकवलेला माणूस. त्यानं तिला दांडी ओढायला लावली आणि स्वतः टेम्पोच्या नाकाशी कान लावून बसला. मोटारीची घरघर ऐकू यायला हवी, ती नव्हती. फ्यूज काढून बघितला, तो शाबूत. मग पंपाची वायर सोडवून तिला टेस्टलॅम्प लावला, दिवा पेटला. करंट तर इथपर्यंत येतोय, म्हणजे पंपच मेलाय, असं त्यानं सांगितलं. खात्री म्हणून पंपाला थेट बॅटरीवरून वायर लावून बघितली. पंप हू की चू करेना.

त्यानं टाकीच्या बुडातला रबर सैल करून पंप उपटून काढला, खाली बादली धरली. पंपाच्या तोंडाशी पांढरी खपली जमली होती, आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. लाहूनं बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकला.

"ताई, हे दर्याचं पाणी आहे. कोण ओततं?"

रुपल म्हणाली, ओतत कुणी नाही. विहिरीचं गोडं पाणी असतं, मीच भरते, मीठ वरून काचेवर येतं. लाहूनं तिच्याकडे जरा बघितलं. वरून आलेलं मीठ टाकीच्या बुडात कसं जाईल, असं त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागला. टाकी धुतली, नवा रबर, नवा पंप बसवला, टाचणीनं नोझलची भोकं मोकळी केली. दांडी ओढल्यावर दोन स्वच्छ धारा काचेवर उडाल्या. पुन्हा खारं पाणी गेलं तर हा पंपही बसेल, एवढं त्यानं बजावलं.

परत येताना रुपल शेजारी बघेना आणि बोलेना. घरी आल्यावर तिनं टाकी विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरली. टाकीवरच्या, टेम्पोच्या नाकाच्या झाकणाची कडी खाऱ्या हवेनं कधीच खाल्लेली, म्हणून ते झाकण जाळ्याच्या दोरीनं नुसतं गुंडाळलेलं असायचं. या खेपेला तिनं साधी सरगाठ मारली. येता-जाता, घाईघाईत माणूस मारतो तशी.

एक-दोन दिवसांनी पाणी बघायला म्हणून ती वाकली. दोरीला जाळ्याची गाठ होती. घट्ट, चपटी, आणि उरलेलं टोक डावीकडून आत खुपसलेलं. कोळ्याच्या घरात गाठ ही सहीसारखी असते, फाटलं जाळं बघून कुणी शिवलं ते सांगतात. ही गाठ भाविकची होती. त्याच्या हातची गाठ तिनं अंधारातसुद्धा ओळखली असती. तिनं झाकण उघडून पाणी चाखलं. खारं.

तिथेच मातीत बसली ती. आधी भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग असा आनंद झाला की तिचा तिलाच तो आवरेना. आला होता. रुसला नव्हता, गेला नव्हता, आला होता आणि स्वतःच्या हातानं गाठ मारून गेला होता. आता जाऊन सासूला सांगावं म्हणून ती उठली.

पुतळी ओटीवर बसून कुणाचं तरी जाळं सांधत होती. दिसतं कमी, पण बोटांना कुठे डोळे लागतात? सुई आत गेली, बाहेर आली, गाठ बसली, आणि म्हातारीनं टोक डावीकडून आत खुपसलं. रुपल बघत राहिली. भाविकला जाळं विणायला कुणी शिकवलं होतं, हे तिला इतके दिवस सुचलंच नव्हतं. कारण मुलाच्या टेम्पोकडे म्हातारी ढुंकून बघत नाही, असंच ती धरून चालली होती.

ती सासूच्या शेजारी टेकली. 

"आई, टाकीत पाणी तू ओततेस?"

पुतळीनं लपवाछपवी केली नाही. तू बाजाराहून येऊन पडलीस की भरतीचं लोटाभर आणते, म्हणाली. दर्यात राहिलेला पोर, त्याला गोड्या पाण्यात कसं करमेल? आपलं पाणी असलं म्हणजे वाट चुकायचा नाही, तुझ्याबरोबर बाजाराला जाईल, येईल. माझ्याकडे तो येत नाही, तुझ्याकडे येतो, तेव्हा म्हटलं मी निदान त्याची सोय तरी बघावी. हे सगळं तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. मुलाचा डबा भरते म्हणून सांगावं, तसं.

"माझ्याकडे येतो हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तो गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ऐकलं मी. अंगणात टेम्पो चालू करून बसायचीस आणि बोलायचीस त्याच्याशी. भाविक, क्लच दाबला. भाविक, आता पहिला टाकते. मी दाराआड उभी. म्हटलं, हिला दिसतो. तेव्हापासून आणते पाणी."

रुपलला आता खोटं बोलता आलं असतं. हो दिसतो, तुझी आठवण काढतो, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी उरलेलं आयुष्य सुखानं लोटे वाहत राहिली असती. आणि रुपललाही तिचा नवरा परत मिळाला असता. तिनं तोंड उघडलं ते हेच बोलायला. पण ते बोलवेना.

"आई, मी गाडी शिकत होते गं. त्यानं मला अर्धीच शिकवली होती. तो सांगायचा तसं घोकत होते, विसरू नये म्हणून."

पुतळीची सुई थांबली.

"म्हणजे तेव्हा तिथं कुणी नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मग? नंतर? रोज बोलतेस ते?"

"नंतर काचेवर मीठ यायला लागलं," रुपल म्हणाली. "मला वाटलं, तो आला."

 मग रुपलचा बांध फुटला. बोट रिकामी आली त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. पुतळीनं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं, सुनेचं डोकं ओढून छातीशी धरलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत बसली. मग ती म्हणाली.

"भावकीला निरोप धाड. त्याचं दिवसकार्य करून टाकू. आपण दोघींनी मिळून किती ताटकळत ठेवलं गं पोराला."